हातावरचा कंदील

(आमच्या गावच्या रेडिओवर आरोग्याच्या तासाला एका निवृत्त नर्सबाईंनी केलेलं भाषण. बोलीत होतं तसंच छापलं आहे.)

मैत्रिणींनो, कोणी भाकऱ्या थापत ऐकत असेल, कोणी शेळ्यांमागे फिरत मोबाइलवर ऐकत असेल. हातातलं काम चालू राहू दे, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा होईपर्यंत सगळ्यांचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे. शेवटी एकीने विचारलंच, "नर्सबाई, ह्या वयात गोंदून घेतलंत? आणि हे काय काढलंय, कंदील?" मग सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हाच त्यांना सांगितलं, ह्याचं उत्तर मोठं आहे, रेडिओवर देईन. तर आज तेच उत्तर.

मी १९८९ साली एएनएम म्हणून नोकरीला लागले आणि छत्तीस वर्षांनी उपकेंद्रातूनच निवृत्त झाले. निरोपाला साडी मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सगळं कपाटात गेलं. घरी आल्यावर दोन-चार दिवस मोकळं मोकळं वाटायला लागलं. सकाळी उठून पिशवी शोधायची, लसीचा डबा आठवायचा. छत्तीस वर्षं केलं त्याची आपल्या अंगावर काहीच खूण नाही, असं मनात यायला लागलं. तुमच्यातली एखादी चाळीस वर्षं खुरपतेय, तिच्या हाताला घट्टे तरी आहेत.

माझी भाची इंग्लंडला नर्स आहे. तिचा रविवारी फोन येतो. तिला हे बोलले तर ती म्हणाली, "मावशी, तू गोंदून घे की! इथे किती तरी सिस्टरांनी घेतलंय." मग तिने तिथल्या गोष्टी सांगितल्या. त्यांच्याकडे दवाखान्यात कोपराच्या खाली काही घालायचं नाही असा नियम आहे. बाही नको, घड्याळ नको, बांगडी नको, म्हणजे हात कोपरापर्यंत धुता येतात आणि जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. त्यामुळे सगळ्यांचे हात उघडे, आणि हातावरची चित्रंही उघडी. इंग्लंड-अमेरिकेत कोणी परीक्षा पास झाली की गोंदवते, कोणी निवृत्त झाली की. करोनाच्या साथीनंतरही पुष्कळ जणींनी गोंदवलं.

चित्रं काय काय असतात? तिने एकेक सांगितलं आणि मला त्यात गोडी वाटायला लागली. कारण प्रत्येक चित्राच्या पोटात एक गोष्ट आहे.

पहिलं चित्र दिव्याचं. हा दिवा फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंचा. त्यांचा जन्म १२ मे १८२० चा, म्हणून १२ मे हा जगभर परिचारिका दिन असतो. १८५४ साली क्रिमियाच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांसाठी त्या अडतीस बायकांना घेऊन तुर्कस्तानातल्या लष्करी दवाखान्यात गेल्या. तिथे गोळीने मेले त्याहून जास्त सैनिक घाणीने, हगवणीने आणि तापाने मरत होते. बाईंनी खोल्या घासायला लावल्या, कपडे धुवायची सोय केली, जेवण सुधारलं आणि मेलेल्यांचा हिशेब वहीत मांडून सरकारपुढे ठेवला. रात्री दिवा घेऊन त्या खाटांमधून फिरायच्या, म्हणून त्यांना दिवेवाली बाई म्हणायला लागले.

आता गंमत बघा. गोंदवताना जो दिवा काढतात तो अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा असतो, चोचीचा आणि कानाचा. आमच्या ट्रेनिंगच्या शाळेत शपथेच्या दिवशी हातात पणती दिली होती. पण नाइटिंगेल बाईंच्या हातात खरा होता तो घडीचा तुर्की कंदील, कागदाच्या आकाशकंदिलासारखा मिटणारा आणि उघडणारा. हे भाचीने सांगितलं तेव्हा मी खाटेवर उठून बसले. कंदील! कंदील तर माझा. का, ते पुढे सांगते.

दुसरं चित्र काठीला वेटोळं घातलेल्या सापाचं. ह्यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची सगळीकडे गल्लत होते. एक काठी, एक साप, पंख नाहीत, ती ग्रीक लोकांच्या वैद्यकीच्या देवाची, एस्क्लेपिअसची. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हावर हीच काठी आहे. दुसरी काठी दोन सापांची आणि वर पंखांची. ती हर्मिस नावाच्या देवाची. हा देव निरोप्या, आणि व्यापाऱ्यांचा. त्याचा औषधपाण्याशी संबंध नाही. पण १९०२ साली अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय दलाने तीच काठी घेतली आणि तेव्हापासून ती दवाखान्यांच्या पाट्यांवर बसली. भाचीच्या ओळखीच्या एका सिस्टरने दोन सापांची काठी गोंदवली, नंतर कळलं की ही व्यापाऱ्याची. आता ती म्हणते, राहू दे, दवाखान्याचं बिल बघितलं तर तीच बरोबर आहे!

औषधाला साप कशाला, असं तुम्ही विचाराल. ह्याचं एक कारण असं देतात की साप कात टाकतो आणि नवा होतो. हे आपल्याला शिकवायला नको. आजारातून उठलेल्या माणसाला आपण म्हणतोच, कात टाकली हो ह्याने.

तिसरं चित्र हृदयाच्या ठोक्याच्या रेघेचं. ईसीजीच्या कागदावर उमटते ती. ही रेघ फार जणी काढतात, कोणी तिच्या टोकाला बदाम काढतं. पण खरी रेघ कशीही वरखाली नसते. आधी एक लहान उंचवटा, मग एक उंच सुळका, मग एक मध्यम उंचवटा, मग थोडी सपाट रेघ, आणि पुन्हा तेच. दुकानवाला आपल्या मनाने करवतीचे दात काढून देतो. भाची म्हणते, तसली रेघ पेशंटची आली तर आम्ही धावत सुटू.

चौथं, स्टेथोस्कोप. तो १८१६ साली फ्रान्समध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरांनी शोधला. एका बाई पेशंटच्या छातीला कान लावायला त्यांना संकोच वाटला, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली. तिच्यातून ठोके जास्तच स्पष्ट ऐकू आले. बाईची लाज राखायला गेले आणि जगाला हत्यार मिळालं.

बाळंतपण करणाऱ्या सिस्टरा बाळाची इवली पावलं काढतात. कोणी पांढरं काळीज काढतं, ते जगभरच्या नर्सेसच्या संघटनेचं चिन्ह आहे. एक मात्र सांगते, लाल क्रॉस. तो दवाखान्याचा किंवा नर्सचा म्हणून कोणीही वापरायचा नसतो. लढाईत जखमींना सांभाळणाऱ्यांवर गोळी झाडू नये म्हणून १८६४ साली ते चिन्ह ठरलं. आपल्या देशात १९६० च्या कायद्याने परवानगीवाचून ते वापरायला मनाई आहे. गावातल्या औषधाच्या दुकानावर दिसतो तो खरं तर चुकीचा.

हे सगळं ऐकून मी सासूबाईंपुढे विषय काढला. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. त्यांच्या हातावर तुळशी वृंदावन आहे, मनगटावर पाच ठिपके आहेत, आणि आतल्या बाजूला सासऱ्यांचं नाव आहे. आता बघा, ज्या बाईने जन्मात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही, उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच, तिच्या हातावर ते नाव पासष्ट वर्षं आहे. त्यांना वाचता येत नाही. नाव बरोबर काढलंय का हे त्यांनी माझ्याकडून लग्नानंतर वाचून घेतलं होतं. आपल्याकडे बायका म्हणतात, दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं. त्या सोबत येणाऱ्या गोष्टीत नवरा आहे, भाऊ आहे, तुळस आहे, विंचू आहे, सीतामाई आहे. बाईचं स्वतःचं काम मात्र मी कोणाच्या हातावर बघितलं नाही.

मुलाला आवडलं नाही. "आई, लोक काय म्हणतील? ही पोरांची फॅशन आहे." मालक म्हणाले, "माझं नाव लग्नात गोंदायचं म्हटलं तर सुई दुखते म्हणालीस, आणि आता नोकरीचं?" हे हसत म्हणाले, पण थोडं लागलंही असावं त्यांना. सासूबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कंदीलच का गं?"

मग मी त्यांना ती रात्र सांगितली. एकोणतीस-तीस वर्षं मी ती घरात कुणाला सांगितली नव्हती.

पावसाळा होता. वाडीवरून बोलावणं आलं. लाइट नव्हती, तेव्हा ती नसायचीच. दुसरं बाळंतपण, बाई तरणी. बाळ सुखरूप झालं, मुलगी. वार पडली, आणि मग रक्त थांबेना. मी पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, खाटेचं पायथं उंच केलं. तिच्या उशाशी कंदील होता. माणसं जीप आणायला गेली. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती, ती २०१४ ला आली. ओढ्याला पाणी होतं, जीप पलीकडेच थांबली. चौघांनी तिला बाजेवर उचलून पाण्यातून नेलं आणि मी कंदील डोक्यावर धरून मागे चालले. तालुक्याला पोचायच्या आधी ती गेली. मी तो कंदील विझवला नाही. उजाडलं तरी तो जळत होता.

मैत्रिणींनो, माझ्या हाताखालून किती बाळंतपणं झाली त्याची वही आहे. त्यातली बहुतेक कंदिलाच्या, चिमणीच्या उजेडात झाली. पेढे आले, ओट्या भरल्या. पण आठवण झाली की आधी ती एकच येते. मला वाटायचं, ती चुकलेली म्हणून माझ्या कामाला खूण करायचा हक्कच नाही मला. सासूबाईंना मी हेच म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "मग तिचंही गोंद. कंदिलाखाली एक ठिपका दे. आमच्या वेळेला गेलेल्या लेकराचा ठिपका द्यायच्या काही बायका." आणि त्यांनी मनगट पुढे केलं. पाच ठिपक्यांच्या बाजूला एक ठिपका थोडा वेगळा होता. पस्तीस वर्षं त्या हाताला मी तेल लावलंय, पण मला तो वेगळा कधी दिसला नव्हता.

ठरलं. पण मी नर्स आहे, लगेच धावत नाही गेले. सुईचा धंदा मी आयुष्यभर केला आहे. नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंज होत्या, त्या स्टोव्हवर वीस मिनिटं उकळायच्या, घड्याळ लावून. लोक बाहेर ओरडायचे, बाई लवकर करा. मी नाही म्हणायची. सुईवर डोळ्याला न दिसणारं रक्त असतं, आणि त्या रक्तात कावीळ असू शकते. आपण जिला पांढरी कावीळ म्हणतो ती हिपॅटायटिस बी. तिचे जंतू अंगाबाहेर, वाळलेल्या रक्तातही, सात दिवस तरी जिवंत राहतात. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीसुद्धा सुईतून जाऊ शकतात.

माझी शाळेतली एक मैत्रीण आहे. आम्ही दोघी जत्रेत गेलो होतो, तिने गोंदवलं, मी भ्याले. एकच सुयांची जुडी, एकच वाटी, आणि समोर पंचवीस-तीस पोरींची रांग. चाळिशीत तिच्या ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर पांढरी कावीळ निघाली. ती जत्रेतल्या सुईनेच लागली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुसऱ्या वाटेनेही लागली असेल. पण त्या रांगेत ती होती आणि मी नव्हते, हे माझ्या मनातून जात नाही. ती आज रोज गोळी घेते, तपासणी करते आणि शेतात कामही करते. घरातल्या सगळ्यांना तिने लस दिली.

म्हणून आता कामाचं ऐका. स्वतः गोंदवणार असाल, नाहीतर लेकीने हट्ट धरला असेल, तर ह्या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, सुई नवी हवी आणि तिचं पाकीट आपल्यासमोर फोडायला हवं. "मगाशीच फोडलं" म्हणाला तर उठून यायचं. शाईसुद्धा छोट्या नव्या टोपणात आपल्यासमोर ओतलेली हवी. सुई नवी आणि शाई सगळ्यांची एकच, तर उपयोग काय? त्या शाईत आधीच्या माणसाचं रक्त मिसळलेलं असतं. हातमोजे नवे हवेत. जत्रेत, बाजारात उघड्यावर गोंदवू नका.

दुसरी गोष्ट, हिपॅटायटिस बी ची लस. आता बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत तिचा डोस देतात. आपल्या पिढीला मिळालेली नाही. मोठ्या माणसाला तीन डोस घ्यावे लागतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. सी ला लस नाही, पण औषधाने ती बरी होते. ज्यांनी पूर्वी जत्रेत गोंदवलंय त्यांनी घाबरू नका, एकदा रक्त तपासून घ्या. २०१८ पासून सरकारी योजनेत बी आणि सी ची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्या आशाताईंना विचारा, कुठे जायचं ते सांगतील.

तिसरी, साखर. मला शुगर आहे. तपासली तर वाढलेली होती. जखम भरली नसती, चिघळली असती. मी तीन महिने थांबले, भात कमी केला, चालले, गोळ्या वेळेवर घेतल्या. साखर ताब्यात आली तेव्हाच गेले. खरं सांगू, डॉक्टरांनी दहा वर्षं सांगून जे झालं नाही ते ह्या कंदिलाने केलं. गरोदर असाल, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, किंवा जखमेचा व्रण फुगून वर येत असेल, तर गोंदवू नका.

चौथी, नंतरची निगा. हात साबणाने धुऊन मगच तिथे लावायचा. खपली ओरबाडायची नाही. हळद, राख, शेण, बिब्बा काही लावायचं नाही. लाली पसरली, पू आला, ताप आला तर दवाखाना. गोंदवल्यावर एक वर्ष रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि पोरींना सांगा, पुसून टाकायचं म्हटलं तर लेझरला पुन्हा पुन्हा जावं लागतं, पैसे लागतात, दुखतं, आणि तरी डाग राहू शकतो. सतराव्या वर्षी ज्याचं नाव गोड वाटतं ते सत्ताविसाव्या वर्षी वाटेलच असं नाही.

तर जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेले. पोरगा पंचविशीचा, कानात बाळी. मी त्याला पाकीट फोडून दाखवायला लावलं, हात धुवायला लावले, मोजे बदलायला लावले. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही तपासणीला आलात का गोंदवायला?" म्हटलं, दोन्हीला. त्याने मोबाइलवर चोचीचा दिवा दाखवला. मी म्हटलं, नको, हा बघ, आणि घरातल्या कंदिलाचा फोटो दाखवला. काच, जाळी, कडी, सगळं. खाली एक ठिपका. त्याने विचारलं, ठिपका कशाचा? मी म्हटलं, आहे एका बाईचा. तो गप्प झाला आणि तो ठिपका त्याने फार सावकाश दिला.

घरी आले. मालकांनी हात उजेडाला धरून बघितला. म्हणाले, "वात जरा वर हवी होती, काजळी धरेल." एवढंच. मुलगा अजून बोललेला नाही, बोलेल. सासूबाईंनी बोट फिरवलं आणि त्यांचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला.

मी तुम्हाला गोंदवा असं सांगत नाही. गोधडीवर टाका घाला, उंबऱ्यावर रांगोळी काढा. पण गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत प्रत्येकीने एक सांगा, तुमच्या कामाची खूण काढायची तर काय काढाल? अंगणवाडीच्या ताई काय काढतील? खुरपं, सुई-दोरा, दुधाची कॅन, शिवणाचं मशीन? आणि त्या खुणेखाली एखादा ठिपका द्यायचा असेल, तर तो कुणाचा? सांगावासा वाटला तर सांगा, नाही वाटला तर मनात ठेवा. मी तीस वर्षं मनात ठेवला होता. सांगितल्यावर हलकं वाटलं, म्हणून म्हणते.

कालवण करपत असेल. बघा जा. नमस्कार.